पाहिलंत, की वाटलं?

गुरव सरांच्या शोकसभेत जे जे बोलले त्या सगळ्यांनी सांगितलं, की सर आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. शोकसभेत असं म्हणायची पद्धतच आहे. गेलेला माणूस मनमिळाऊ असतो, हसतमुख असतो, आणि खोटं तर तो कधी बोललेलाच नसतो. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. या एका माणसाच्या बाबतीत ते वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि ते खरं करताना किती ओझं वाहावं लागलं, ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. मलाही बोलायला सांगितलं होतं, पण मी उठले नाही. मला उभं राहून बोलता येत नाही, बसून सावकाश लिहिता मात्र येतं.

महाडच्या आमच्या हायस्कुलात सर भूगोल शिकवायचे आणि मी ग्रंथालय सांभाळायचे. ते पोलादपुरात राहायचे, तिथून एसटीनं यायचे, आणि शनिवार-रविवारी आणखी वर, डोंगरात, माचीवाडीला आपल्या घरी जायचे; पत्नी आणि गुरं तिथंच असायची. अंगानं सडपातळ, पांढरा सदरा, खांद्याला खाकी पिशवी आणि हातात लांब दांड्याची काळी छत्री. छत्री उन्हाळ्यातही असायची. तिनं ते नकाशावरच्या नद्या दाखवायचे, गच्चीवरच्या पाण्याची खोली बघायचे, आणि वर्गात कोणी बेधडक काही ठोकून दिलं की तिचं टोक त्याच्याकडे करून विचारायचे, "पाहिलंस, की वाटलं?"

हा प्रश्न सगळ्या शाळेला तोंडपाठ होता. शिपाई म्हणाला, मुख्याध्यापक चिडलेत, की सर विचारणार, "पाहिलंत, की वाटलं?" मी म्हटलं, यंदा आंब्याला मोहोर कमी आहे, की तोच प्रश्न. पहिली दोन-तीन वर्षं मला त्याचा राग यायचा. पुढे पुढे घरी एकटी असतानाही मी स्वतःला तो प्रश्न विचारायला लागले.

निघताना आपण सगळे 'येतो' म्हणतो. सर 'जातो' म्हणायचे. एकदा आमच्याकडे हळदीकुंकवाला त्यांच्या पत्नी आल्या होत्या, त्यांना न्यायला सर आले आणि उंबऱ्यावरून म्हणाले, "जातो." माझ्या सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. तसं म्हणू नये हो, म्हणाल्या. त्यावर सरांनी अगदी नम्रपणे त्यांना सांगितलं, की परत कधी येणं होईल ते मला माहीत नाही, जातोय एवढं मात्र नक्की आहे. सासूबाई पुढे कितीतरी दिवस त्यांना 'तुमचे ते जातो मास्तर' म्हणत असत.

सावित्रीच्या मोठ्या पुरात ग्रंथालयाचे खालचे तीन खण चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर आम्ही पुस्तकं काढत होतो. मराठी विश्वकोशातलं सगळं ज्ञान लगदा होऊन हाताला लागत होतं. तेव्हा एका शिक्षकांनी सुचवलं, की जी पुस्तकं वर्षानुवर्षं सापडत नाहीत तीही या निमित्तानं पुरात गेली म्हणून दाखवावीत. कोणाचं नुकसान नाही आणि कोणाला लाज नाही. मला ते पटलं होतं. ती पुस्तकं बहुतेक आमच्याच लोकांच्या घरी होती, आणि मागायला मला संकोच वाटायचा. नुकसानीच्या यादीवर सही करणाऱ्यांत सर होते. त्यांनी पेन टोपणात घातलं आणि म्हणाले, "जी पुरात नव्हतीच, ती पुरात कशी जातील?"

मग दोन दिवस शिक्षकांच्या खोलीत कोणी कोणाशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुस्तकं गुपचूप येऊन पडायला लागली. एक जाडजूड शब्दकोश तर मुख्याध्यापकांच्या शिपायानं आणून दिला आणि कोणी पाठवला ते विचारू नका म्हणाला. सरांना मी ते हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "मला यातून कोणाची फजिती करायची नव्हती," म्हणाले. आणि खरंच नव्हती करायची. आपल्या खरेपणानं दुसऱ्याला बोचतं, हे त्यांना दिसायचं आणि त्याचा त्रास व्हायचा, पण त्यापायी शब्द मात्र बदलता यायचा नाही. कार्यालयातल्या कारकुनाच्या मुलासाठी स्थळ आलं होतं तेव्हा मुलीच्या वडिलांनी सरांकडे चौकशी केली. सरांनी सांगितलं, मुलगा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, पण रागावला की हात उचलतो. लग्न मोडलं. त्या कारकुनानं नंतर सरांच्या रजेचे अर्जसुद्धा त्यांच्या हातातून घेतले नाहीत; टेबलावर ठेवा म्हणायचा. सर ठेवायचे आणि नमस्कार करून बाहेर पडायचे.

मी त्यांच्याशी वाद घालायचे. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात कोणी नसायचं. मी म्हणायचे, सर, खरं-खोटं हे माणूस बघून, वेळ बघून ठरतं. आजाऱ्याला एक, चोराला एक, लहान पोराला एक. ते डब्यातली भाकरी मोडत ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "बाई, वेळ बघून ठरवायचं तर ठरवणारा कोण? मीच ना? आणि माझ्यावर माझा तेवढा विश्वास नाही." त्यात अहंकार नव्हता. मला त्यांच्याविषयी जे वाटायचं त्याची सुरुवात बहुधा या वाक्यापासून झाली असावी.

आता त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल सांगायला हवं. माचीवाडीच्या वाघजाईचं गुरवपण त्यांच्या घराण्यात होतं. पूजा भाऊबंदांत वाटून घेतलेली, पण कौल लावायचा मान सरांकडे. आमच्या भागाबाहेरच्या वाचकासाठी सांगते. गावाला मोठा निर्णय घ्यायचा असला, की गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी गळाली तर देवीचा होकार, डावी गळाली तर नकार. गाभारा लहान, समईचा उजेड तेवढाच, आणि गुरवाची पाठ लोकांकडे. त्यामुळे कुठली पाकळी पडली ते फक्त त्याला दिसतं. तो सांगेल ते गावानं ऐकायचं.

भूगोलाचा शिक्षक कौल लावतो याची शाळेत चेष्टा व्हायची. सर शांतपणे सांगायचे, देवी सांगते की वारा सांगतो हे मला माहीत नाही; मी पाकळी कुठली पडली तेवढं सांगतो. त्यांच्या वडिलांची कीर्ती मात्र वेगळी होती. म्हाताऱ्या गुरवांच्या हातून कौल बहुतेक उजवाच यायचा असं लोक प्रेमानं सांगायचे. वाडीतल्या अनसूयाकाकूंचा नवरा तरुणपणी मुंबईला गोदीत कामाला गेला आणि त्याचा पत्ताच लागेना. काकूंनी कौल लावून घेतला, धनी येईल का? म्हाताऱ्यांनी सांगितलं, उजवी. काकू माहेरी गेल्या नाहीत, भावांनी दुसरं घर बघितलं तिथं गेल्या नाहीत. शिमग्याला मुंबईकर वाडीत येतात, तेव्हा त्या दारात पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या. मी एकदा शिमग्याला सरांकडे गेले होते तेव्हा तो तांब्या पाहिला आहे. लखलखीत घासलेला, त्यावर वाटी झाकलेली. सर लहानपणी आई गेल्यावर काकूंच्याच हातचं जेवून मोठे झाले. त्या त्यांना रघू म्हणायच्या.

तळीयेची दरड कोसळली त्यानंतर डोंगरातल्या प्रत्येक वाडीला आपला डोंगर नव्यानं दिसायला लागला. माचीवाडीचे लोकही रात्री पाऊस वाढला की उठून बसायचे. पुढच्या एका पावसाळ्यात वाडीच्या माथ्यावर जमिनीला चीर पडली. सरकारी माणसं येऊन गेली, खाली रस्त्यालगतच्या शाळेत मुक्काम हलवा म्हणाली. तरणी मंडळी तयार होती. जुनी माणसं घरदार, गुरं, भाताची लावणी सोडून निघायला तयार नव्हती. शेवटी असं ठरलं, की आईला विचारू. आई म्हणेल तर उतरू.

आदल्या दिवशी सर ग्रंथालयात आले. डबा उघडला नाही. मी म्हटलं, सर, एका पाकळीचा प्रश्न आहे. उजवी पडली तर उत्तम. डावी पडली तर तुम्ही उजवी म्हणा. गाभाऱ्यात दुसरं कोण असतं? त्यांनी डबा परत पिशवीत घातला. मग म्हणाले, "नेहमी एका पाकळीचाच असतो, बाई."

मी म्हटलं, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, "माझं ते ऐकतात, ते मी पाकळी बदलत नाही म्हणून. उद्या बदलली तर मी कोण?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. पाऊस थांबला होता, पण रस्त्याच्या कडेनं तांबडं पाणी धावत होतं. देवळाच्या मंडपात सारी वाडी बसलेली. मी बायकांत, काकूंच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्या हातात सुपारीचं खांड ठेवलं आणि घाबरू नको म्हणाल्या, आमची आई कडक हाय पण खोटी नाय.

सरांनी तगरीच्या पाकळ्या भिजवून लावल्या. गाऱ्हाणं घातलं. आई वाघजाई, लेकरांनी खाली उतरावं का, उतरायचं तर उजवी दे, नाहीतर डावी दे. मग नुसता पागोळ्यांचा आवाज. त्यांची पाठ मला दिसत होती, सदरा मानेपाशी ओला झाला होता. बराच वेळ गेला. ते वळले आणि म्हणाले, "डावी."

मंडपात एकदम सैल झाल्यासारखं झालं. जुन्या माणसांना हवं तेच मिळालं होतं. वाडीचे मानकरी सखारामतात्या गुडघ्यावर हात देत उठले, झालं मग, आईनं सांगितलान, म्हणाले.

"थांबा तात्या," सर म्हणाले. "कौल देवीचा, तो मी सांगितला. आता माझं ऐका. वरच्या चिरेत परवा मी छत्री घातली. मुठीपर्यंत गेली. मला वाटलेलं नाही, मी पाहिलंय. मी आज उतरतोय. माझी बायको, गुरं, सगळे."

तात्या परत खाली बसले. मग म्हणाले, "गुरवच आईचं ऐकणार नाय, तर आम्ही कोनाचं ऐकायचं रे रघू?"

नसलेलं उत्तर सरांनी बनवून दिलं नाही. खाली उतरले, घरी गेले, आणि सगळ्यांच्या देखत गोठ्याचं दार उघडून म्हैस बाहेर काढली.

त्या म्हशीच्या मागून वाडी उतरली, असं म्हटलं तर चालेल. आधी तरण्या बाया पोरं घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्याही आले, सरांकडे न बघता. शाळेच्या वर्गात बाकं कडेला लावून चुली बाहेर मांडल्या. मागे राहिल्या त्या एकट्या अनसूयाकाकू. सर संध्याकाळी परत वर गेले. त्यांना वाटलं होतं, आपण म्हटल्यावर काकू येतील. काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. काकू चुलीपाशी भाकऱ्या करत होत्या. म्हणाल्या, "मी खाली गेले नि तो वर आला, मंग? तुझ्या बापानं उजवा दिलान, तो येनार. आता तू डावा दिलास, खाली जाऊ नको. दोनी कौल एकच सांगतात रे. बस हितंच." आणि त्यांना गरम भाकरी वाढली. ते ती खाऊन आले.

सकाळी डोली घेऊन चार जणांनी जायचं आणि काकूंना उचलूनच आणायचं असं ठरलं. पण रात्रभर पाऊस लागला, सकाळी ओढ्याला पाणी होतं, पलीकडे जाता येईना. दुपारी सर शाळेत भात वाढत होते तेव्हा आवाज आला. वाडीचा वरचा कोपरा तेवढा गेला. दोन रिकामी घरं आणि एक काकूंचं.

पुढे लोक जे बोलले त्याचे दोन भाग होते. काही म्हणाले, गुरवानं देवीचा कौल सांगून स्वतःच मोडला, म्हणून देवी कोपली. काही, विशेषतः मुंबईकर पोरं, म्हणाली, मास्तर एक शब्द खोटा बोलले असते तर म्हातारी वाचली असती. एवढं खरं काय चाटायचंय? दोन्ही बोलणी सरांच्या कानावर आली. त्यांनी कौलाचा मान पुतण्याला देऊन टाकला. शाळेत यायचे, शिकवायचे. पण छत्रीचं टोक कोणाकडे केलं नाही, आणि तो प्रश्न बंद झाला. मुलांना तो इतका सवयीचा झाला होता, की नववीतल्या एका मुलीनं येऊन मला विचारलं, सर आमच्यावर रागावलेत का?

मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी खूप विचार करून एक गोष्ट शोधून काढली. एका दुपारी म्हटलं, सर, काकू तुमच्या कौलानं थांबल्या नाहीत. त्या तुमच्या वडिलांच्या कौलानं थांबल्या. उजवी पडली नसती तर त्या केव्हाच माहेरी गेल्या असत्या. यात तुमचं काही नाही.

त्यांनी टेबलावरच्या पुस्तकाची कड अंगठ्यानं सारखी केली.

"उजवी पडली नव्हती, पाडली होती," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. वडिलांनी जाण्याआधी त्यांना जवळ बसवून सांगितलं होतं, की डाव्या पाकळीला पाण्याऐवजी गंध लावलं की ती सुकत नाही, चिकटून राहते. उजवी मग कधीतरी पडतेच. ज्याला धीर हवा त्याला असा धीर देता येतो. अनसूयेच्या पदरात घालायला माझ्याकडे तेवढंच होतं, असं म्हणाले होते. सरांनी तेव्हाच ठरवलं, की आपण गंध लावायचं नाही. पण काकूंना मात्र त्यांनी कधी काही सांगितलं नाही. काकूंनी विचारलं नव्हतं.

"त्या संध्याकाळी सांगायचं म्हणूनच वर गेलो होतो," ते म्हणाले. "काकू, तो कौल खरा नव्हता, तो येणार नाही, चल. एवढंच. तिनं भाकरी वाढली. दाराशी तांब्या होता. शिमगा नव्हता तरी भरून ठेवला होता, आपण खाली गेलो असं त्याला वाटू नये म्हणून. मला बोलता आलं नाही." मग म्हणाले, "लोक म्हणतात मी खोटं बोलायला हवं होतं. तसं नाही, बाई. मी खरं बोलायला हवं होतं. तुमच्यासारखी मी वेळ बघितली."

त्यात मला टोमणा नव्हता. इतकी वर्षं मी त्यांच्याशी ज्या बाजूनं भांडत होते, त्या बाजूला ते आयुष्यात एकदाच आले, एका म्हातारीच्या चुलीपाशी, आणि मला त्यांना तिथून परत पाठवावंसं वाटत होतं. मी तेव्हा असते तर मीही सांगितलं नसतं. मी चूक आहे असं मला अजून वाटत नाही. ते चूक होते असंही वाटत नाही.

सर निवृत्त झाले. माचीवाडी आता खाली, हमरस्त्याजवळ पत्र्याच्या नव्या घरांत आहे, आणि वाघजाईचं नवं देऊळही तिथंच बांधलंय. पुतण्याचा कौल चांगला लागतो म्हणतात. जुना पाषाण मात्र हलवायचा नाही असं ठरलं, तो वरच राहिला. गेल्या कार्तिकात मी पोलादपूरला गेले होते, सर म्हणाले, वर जातोय, येता का? छत्री टेकत ते पुढे, मी मागे. वाडीत घरांच्या जोत्यांवर गवत वाढलं होतं. वरच्या कोपऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

देवळाचे पत्रे कोणीतरी काढून नेले होते, त्यामुळे पाषाणावर स्वच्छ ऊन होतं. गाभाऱ्यात इतका उजेड मी पहिल्यांदाच पाहत होते. सरांनी पिशवीतून तगरीचं फूल काढलं, बाटलीतल्या पाण्यात दोन पाकळ्या भिजवल्या आणि एक या खांद्याला, एक त्या खांद्याला लावली. हात जोडले. मी गाऱ्हाण्याची वाट बघत होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. "जातो," म्हणाले, वळले आणि पायऱ्या उतरायला लागले. दर आठवड्याला ते असंच करायचे, हे मला त्यांच्या पत्नीकडून नंतर कळलं.

मी क्षणभर थांबले. वाऱ्याची एक झुळूक आली आणि एक पाकळी गळून खाली पडली.

सर पायऱ्यांच्या खाली माझ्यासाठी थांबले होते. मी पोचले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी काहीतरी पाहून आलेय हे त्यांना कळलं, असं मला वाटलं. वाटलंच, दुसरं काय म्हणू. मी त्या प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी छत्री उघडली, माझ्या डोक्यावर ऊन येत होतं तिकडे धरली, आणि आम्ही उतरायला लागलो.